एकच बटण

माझा दादा तापट नव्हता. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात उष्णता इतकी आहे की माणूसच तसला असेल असं कुणालाही वाटावं. आमच्या घरात तापट मी. दादा थंड. त्याच्यावर कितीही ओरडा, तो सगळं ऐकून घ्यायचा, शेवटी "हं" म्हणायचा आणि त्याला करायचं तेच करायचा. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं आई त्याच्याकडे बघून म्हणायची, आणि त्यावरही तो "हं" म्हणायचा.

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं वाफेवर निघायचं आणि ती वाफ दादा पुरवायचा. काम म्हणजे काय, तर काट्याकडे बघत बसणं. दाब चढला की आच कमी करायची, उतरला की वाढवायची, पाण्याची पातळी काचेच्या नळीत बघत राहायची. त्याच्याबरोबरचे त्याला वाफ्या म्हणायचे. घरी यायचा तेव्हा अंगाला साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास असायचा. भर उन्हाळ्यात आम्ही पंख्याखाली आडवे पडलेले, आणि हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून समोर गरम चहा पीत बसलेला. "लोणी आहात का रे वितळायला?" असं आम्हाला चिडवायचा. उष्णता आपल्याला लागत नाही अशी त्याची समजूत झाली होती. सुरुवातीला ती थट्टा होती. पण माणूस एकच थट्टा वर्षानुवर्षं करत राहिला की ती त्याची त्यालाच खरी वाटायला लागते.

गाडी वडिलांची. चौकोनी, फिकट निळी, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे. वडिलांनी ती जन्मभर जपून चालवली. मागून सायकलवाले घंटी वाजवायचे इतकी जपून. ते गेल्यावर गाडी दादाकडे आली आणि तिच्या चाकांचं सगळं बघणाऱ्या टायरवाल्यानं त्याला एकदा शहराबाहेरच्या ट्रॅकवर नेलं. तिथे ठरावीक रविवारी कुणालाही आपली गाडी आणता येते. शर्यत नसते, बक्षीस नसतं. हेल्मेट घालायचं, आपली पाळी आली की मोकळ्या वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी हवी तेवढी पळवायची, पाळी संपली की बाहेर यायचं. ट्रॅक डे म्हणतात त्याला.

मी पहिल्या वेळी बरोबर होते. निव्वळ मूर्खपणा बघायला म्हणून गेले होते. दादा फेऱ्या मारून आला, हेल्मेट काढलं आणि हसायला लागला. कशाला हसतोय ते त्यालाही सांगता येईना. जन्मभर तळघरात काट्यासमोर बसलेला माझा भाऊ, त्याला असं हसताना मी शाळा सुटल्यापासून बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी काही बोलले नाही. माझ्यासारखीला न बोलणं किती जड जातं हे ओळखीच्यांना ठाऊक आहे.

मग एका रविवारी गाडी उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट, खाली हिरव्या पाण्याचं तळं. बॉयलरवाल्याची गाडी उकळली म्हणून सगळ्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो तापून वाकला होता. लेथवाल्यानं तो तासून पुन्हा सपाट केला, पण परत देताना म्हणाला, "वाफ्याभाऊ, एक सांगतो, मनावर घ्या. आता यात तासायला काही उरलेलं नाही. अजून एकदा उकळली की सरळ तडा जाणार. आणि या गाडीचं हेड आता मिळत नाही. तुम्हाला कुठं मिळालं तर मलाही दाखवा, कपाटात ठेवून पूजा करतो."

म्हणजे या इंजिनाला आता एकही उकळी सोसणार नव्हती. दुसरा कुणी असता तर ट्रॅकचा नाद सोडला असता. दादानं तो सोडला नाही. काट्यावर नजर ठेवणं हेच तर आपलं काम, असं तो म्हणाला.

आणि कामात त्यानं कसूर केली नाही, हे मला मान्य करावंच लागेल. इंजिनाचं पाणी थंड करणारा रेडिएटर सोडवून आतून साफ करून घेतला. पाण्याचा पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट, सगळे रबरी पाइप नवे घातले. रेडिएटरच्या कडेनं वारा निसटून जातो म्हणून त्या फटीत फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे वाऱ्याला जाळीतूनच जावं लागेल. नवं कूलंट, म्हणजे ते हिरवं पाणी, भरल्यावर आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून गाडीचं नाक चढावर करून उभी केली आणि झाकण उघडं ठेवून बुडबुडे निघेपर्यंत बघत बसला. पोरगं आजारी असताना आई बसते ना उशाशी, तसा. ट्रॅकवरही शिस्त होती. सलग दामटायची नाही, मधे एक फेरी सावकाश मारायची. बाहेर आल्यावर तापलेलं इंजिन लगेच बंद करायचं नाही, कारण बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि असलेली उष्णता तिथेच कोंडते. काटा खाली येईपर्यंत ते चालू ठेवायचं.

एवढं करूनही उन्हाळ्यात काटा चढायचाच. मग त्यानं शेवटचा उपाय काढला. गाडीतला हीटर. थंडीत पाय शेकायला असतो तो. हीटर इंजिनातलंच गरम पाणी घेतो आणि त्याची ऊब आत फेकतो. म्हणजे एका अर्थी तो दुसरा छोटा रेडिएटरच. तो पूर्ण सोडला की इंजिन थोडं निवतं. जुन्या गाड्यावाल्यांना ही युक्ती माहीत असते आणि गाडी अडचणीत आली की घरापर्यंत पोचायला ते ती वापरतात. दादानं ती कायमची केली. त्यातच रेडिएटरच्या मोठ्या पंख्याचं आपोआप सुरू होणं बिघडलं आणि त्याचा भाग मिळेना. हीटरचं बटण मोठं होतं, न बघता हाताला लागणारं. दादानं पंख्याची वायर त्याच बटणाला जोडून टाकली. एक बटण दाबलं की हीटर आणि पंखा दोन्ही चालू, पुन्हा दाबलं की दोन्ही बंद.

"विसरायचा प्रश्नच नाही," मला दाखवताना म्हणाला. भलताच खूश होता.

"आणि आत बसणाऱ्याचं काय?" मी विचारलं.

"आत मीच बसतो ना."

"रोगापेक्षा औषध भयंकर झालं हे."

"हं."

वहिनी माझ्यासारखी तडकणारी नाही. ती बालवाडीत शिकवते. दिवसभर हट्टी पोरांना समजावण्यात तिची सगळी चिडचिड झिजून गेली आहे. दर वेळी ट्रॅकवर ती बरोबर जायची आणि दोन पाळ्यांच्या मधे दादाला कोरडा शर्ट द्यायची. त्याचा ओला शर्ट पिळायची तर पाण्याची धार लागायची. उन्हाळ्यात, बंद हेल्मेटमध्ये, पायांवर आणि तोंडावर हीटरचा झोत. ती म्हणायची, "अहो, पुरे झालं आता. गाडी राहील ती राहील." तो म्हणायचा, घाम आला म्हणजे अंग निवतं, तेच तर पाहिजे. बरोबरच होतं त्याचं. म्हणून वहिनी आपली त्याच्या शर्टांकडे बघून कळवळायची, त्याला मीठसाखरेचं पाणी पाजायची, मानेवर ओला टॉवेल टाकायची. तिच्या लेखी सगळं संकट त्या भिजलेल्या शर्टात होतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून दमलेल्या बाईनं दुसरं कशाकडे बघायचं?

त्या रविवारी मीही गेले होते. ऊन असं की डांबर मऊ लागत होतं. दादा आदल्या दिवशी बॉयलरवर जादा पाळी करून आलेला, नीट झोपला नव्हता. ट्रॅकवरच्या पहिल्या पाळीनंतर शर्ट पिळून निघाला, दुसऱ्या पाळीनंतरही. तिसरी पाळी संपवून तो ट्रॅकवरून बाहेर आला आणि सावलीसाठी ठोकलेल्या आमच्या तंबूशेजारी गाडी उभी केली. इंजिन चालू. तापल्यावर ते उभ्या गाडीत नीट चालायचं नाही, पाय काढला की बंद पडायचं, म्हणून दादा ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून आतच बसून राहायचा. पंखा चालू पाहिजे, म्हणजे हीटरही चालूच.

वहिनी नेहमीसारखी पाण्याची बाटली घेऊन गेली. खिडकीतून हात घालून तिनं त्याच्या पाठीला हात लावला, तोही नेहमीसारखाच. आणि आमच्याकडे वळून आनंदानं म्हणाली, "अगंबाई! आज शर्ट कोरडा आहे!"

टायरवाला बाजूलाच खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, "अहो वहिनी, बॉयलरचा माणूस तो. इतक्या दिवसांनी अंगवळणी पडलं बघा." आम्ही हसलो. वहिनीही हसली. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, जणू एखादं जुनं दुखणं आज आपणहून बरं झालं.

दादा हसला नाही. त्याचा चेहरा लालभडक होता, पण त्यावर ओल कुठेच नव्हती. वहिनीनं बाटली पुढे केली तर तो तिला म्हणाला, "आई, दार लावून घे."

वहिनीला वाटलं थट्टा करतोय. "आई काय?" ती म्हणाली.

तो काट्याकडे बघत होता. काटा हळूहळू उतरत होता. पुरता उतरेपर्यंत तो बसून राहिला, मग व्यवस्थित किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि बाहेर आला. पहिलं पाऊल पडलं. पुढचं कुठे टाकायचं ते त्याला कळलं नाही. तो गाडीला धरून खाली बसला आणि मग आडवाच झाला, आणि हातपाय झाडायला लागला.

ट्रॅकच्या रुग्णवाहिकेतली परिचारिका धावत आली. तिनं कात्रीनं त्याचा शर्ट कापला, अंगावर पाणी ओता म्हणाली, थंड पेयांच्या पेटीतला सगळा बर्फ काखेत, जांघेत, मानेला लावायला लावला. हात लावला तर कातडी तव्यासारखी. "घाम कधी थांबला यांचा?" ती ओरडली. "कधी थांबला, कुणी बघितलं का?"

वहिनीनं तोंडावर हात ठेवला. बर्फाचं पाणी आमच्या पायांखालून वाहत होतं.

त्याच्याच रुग्णालयात त्याला नेलं. तळघरातली माणसं पाळी सोडून वर आली आणि दारात घोळका करून उभी राहिली. डॉक्टर तरुण होते, पण शब्द जपून वापरणारे. शरीर उष्णता बाहेर टाकतं ते घामानं. शरीर हरलं की घाम थांबतो. कोरडं अंग ही सवय नसते, ती शेवटची पायरी असते. मूत्रपिंडांना धक्का बसला आहे, यकृताला बसला आहे, आणि शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग सगळ्यात नाजूक, तो होरपळला आहे. जगतील असं वाटतं, म्हणाले. कसे जगतील ते आत्ता सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकावर वहिनीनं माझा हात धरला. "मी हसले गं," ती म्हणाली. "मी खूश झाले. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं." मला तिचा क्षणभर राग आला, हे लपवत नाही. पण तो दुसऱ्या क्षणी दादाकडे वळला आणि तिथेच राहिला. इतका शिस्तीचा माणूस, आयुष्यभर काटे वाचलेला, आणि स्वतःचं अंग मात्र त्यानं कधी मोजलंच नाही! मी बाकावर बसून त्याच्या नावानं बोटं मोडली आणि मग वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

संध्याकाळी टायरवाला रुग्णालयात आला. गाडी ट्रॅकवर बेवारशी पडू नये म्हणून तो बिचारा ती चालवत घरी आणत होता. आत बसला, किल्ली फिरवली, तर हीटरचा झोत थेट तोंडावर आला. मघाशी डोळ्यांदेखत मित्र कोसळलेला. त्यानं पहिलं काम केलं ते बटण बंद करण्याचं, आणि चारही काचा खाली घेतल्या. त्या बटणाला आणखी एक वायर आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रस्ता मोकळा होता तोवर ठीक चाललं. पुढे कुठे तरी ट्रक आडवा झाला होता, रांगेत गाडी उभी राहिली ती राहिलीच. पंखा बंद. वाफ दिसली तेव्हा उशीर झाला होता. लेथवाल्यानं तिथे येऊन बघितलं आणि नुसती मान हलवली. हेडला तडा गेला होता.

हे सगळं टायरवाल्यानं मला सांगितलं, वहिनीला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. मी सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. तिला तेव्हा इंजिन कुठल्या झाडाचा पाला.

दादा जगला. पण घरी आला तो भिंत धरून चालणारा दादा होता. पाय फाकवून, चाचपडत, जणू जमीन होडीसारखी हलतेय. कप ओठांपर्यंत नेताना अर्धा सांडतो. बोलणं जड, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. एकेक शब्द ओढून काढावा लागतो. बॉयलरपुढे आता दुसरा माणूस बसतो. दादाला कागदोपत्री कामावरून मोकळं केलं, धुलाईखान्यातल्या माणसांनी निरोपाला एक घड्याळ दिलं.

शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला कळण्यासारखा शब्द होता, "इंजिन?"

वहिनी उशाशी होती. "ठणठणीत आहे," ती म्हणाली.

विचार करून खोटं बोलली नाही ती. त्या वेळी तिनं काहीही म्हटलं असतं. पण मग ते खोटं घरात राहायलाच आलं. दादाचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना तो सांगायचा, शेजाऱ्यांना सांगायचा, अडखळत, थुंकी पुसत: माझं जे झालं ते झालं, पण इंजिन वाचवलं. काटा रेषेच्या वर जाऊ दिला नाही. ऐकणारे मान डोलवायचे. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. मी वहिनीला म्हटलं, "आज ना उद्या त्याला कळणारच. सांगून टाक." ती म्हणाली, "त्यांच्याकडे तेवढंच उरलंय गं. ते गेलं तर हे सगळं कशासाठी झालं म्हणून सांगू?" टायरवाला लाजेनं यायचा बंद झाला. दादा त्याची आठवण काढायचा, आणि आम्ही म्हणायचो, दुकानात फार काम आहे त्याला.

मग दादाला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. बॅटरी उतरली आहे, वहिनी म्हणाली. मग किल्ली सापडत नाही म्हणाली. मग पाऊस आहे, मग बरं होऊन स्वतःच सुरू करा. तिच्या बालवाडीतली पोरं यापेक्षा बरी थाप मारत असतील.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर दादा अंथरुणात नव्हता. वहिनी चुलीपाशी होती, तिला पत्ता नाही. आम्ही मागच्या शेडकडे धावलो. भिंतीला धरधरून तो एकटा तिथवर गेला होता. बॉनेट उघडं होतं, ते त्या हातांनी त्यानं कसं उघडलं कोण जाणे. तेलाचं झाकण काढून त्यानं आत बोट घातलं होतं आणि ते बोट डोळ्यांसमोर धरून तो उभा होता. बोटाला पांढरट, दुधाळ चिखल लागला होता. तेलात पाणी मिसळलं की असं होतं, आणि हेडला तडा गेला की तेलात पाणी मिसळतं. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

वहिनी दारातच थांबली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली आणि रडायला लागली. "पहिल्या दिवसापासून खोटं बोलले."

दादानं तिच्याकडे बघितलं नाही. "को... णी आणली?" त्यानं विचारलं.

"टायरवाल्यानं," मी म्हटलं.

तो विचार करत राहिला. त्याला आता विचारालाही वेळ लागतो. पण गाडीच्या बाबतीत तो चुकला नाही. "बटण बंद केलं त्यानं."

"हो, केलं!" माझा तोल सुटला. त्याच्यावर, त्या गाडीवर, कुणावर तरी मला ओरडायचंच होतं. "केलं बंद! तुझा सगळा खटाटोप त्यानं घरी येता येता मातीत घातला! त्या दिवसापासून तोंड दाखवलेलं नाही त्यानं इथं!"

दादानं बोट शर्टाला पुसायचा प्रयत्न केला, ते जमेना, तेव्हा वहिनी पुढे आली आणि तिनं ते आपल्या हातात धरलं. शब्द जुळवायला त्याला खूप वेळ लागला. मग आधीच्याच त्या शांत, समजूतदार सुरात, कुणाचीही घ्यायचा तशी टायरवाल्याची बाजू घेत तो म्हणाला,

"त्याला बोलू नका. तसल्या आगीत माणूस कसा बसेल?"